साठ अंशांना चिकटून बसू नकोस
शनीचा चंद्र टेथिस, त्याच्याच कक्षेत टेलेस्टो हा छोटा चंद्र 60 अंश पुढे, कॅलिप्सो हा दुसरा 60 अंश मागे, एवढं वाचून तू दोघांना खिळे ठोकल्यासारखं धरलंस. तिथेच त्यांच्या कक्षांचं तुझं गणित अडलं बघ. हे छोटे चंद्र 60 अंशांवरच्या त्या बिंदूंभोवती डोलत असतात. शनीच्याच डायोनी या चंद्रामागचा छोटा पॉलिड्यूसिस घे, जेमतेम 3 किलोमीटरचा, माझा सगळ्यात लाडका: कधी डायोनीपासून 34 अंशांवर येतो, कधी 91 अंशांपर्यंत मागे पडतो, तरी सुटत नाही. आलेख डायोनीसोबत फिरणाऱ्या, म्हणजे डायोनी जागीच दिसेल अशा चौकटीत काढ, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखी त्याची वाट दिसेल. असं डोलणं टिकायला ग्रह मोठ्या चंद्राच्या साधारण 25 पट जड हवा, ही अट शनी सहज पाळतो. तो डायोनीच्या पाच लाख पटींहून जड आहे. गणितात काळाची पायरी, म्हणजे एका वेळी जितका काळ पुढे सरकतोस तो, मात्र लहान ठेव, नाहीतर आकडेमोडीच्या चुकीनेच चंद्र पळेल.