मीटिऑर विकून आरसी ३९०? घाटा अदलाबदलीत आहे

प्रश्न: वय ३३, राहतो नागपूरच्या मनीषनगरला, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. हाती पगार ६२ हजार, घराचा हप्ता १९ हजार. २०१८ मध्ये यामाहाची स्पोर्ट्स बाइक आर१५ घेतली, ऑन-रोड १.४५ लाख. मनगटं आणि कंबर दुखायला लागली म्हणून २०२१ मध्ये ती ७५ हजारांना दिली आणि रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० घेतली, आरामात बसून चालवायची क्रूझर, २.३० लाखांची. आता क्रूझरचा कंटाळा आलाय. केटीएमची स्पोर्ट्स बाइक आरसी ३९० घ्यायचीय, कोटेशन ४ लाखांचं आहे. डीलर मीटिऑरचे फक्त १.२५ लाख देतोय. उरलेले पावणेतीन लाख १२ टक्क्यांनी, ३ वर्षांसाठी कर्ज. शिल्लक ८० हजार. बायकोला सातवा महिना आहे. घेऊ का?

उत्तर: आत्ता नको.

‘आत्ता’ मुद्दाम म्हणतोय. हौसेला मोल नसतं हे मलाही मान्य आहे, पण हप्त्याला असतं.

आधी डीलरचं बघू. तो लुटतोय असा तुमचा सूर दिसतो, पण त्याच्या आकड्यामागे कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मीटिऑर ३४९ सीसीची, म्हणजे अगदी काठावर बसून फायद्यात. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव पडणारच. उलट ३५०च्या वरच्या गाड्यांवर आधी सेस धरून ३१ टक्के होते, ते ४० झाले. आरसी ३९०चं इंजिन नावाप्रमाणे ३९०चं नाही, ३७३ सीसीचं आहे. तरी रेषेच्या पलीकडेच. म्हणजे विकताय ती करात स्वस्त झालेल्या बाजूची, घेताय ती महाग झालेल्या बाजूची. मार दोन्हीकडून बसतोय.

आता मागचा हिशेब. आर१५मध्ये ७० हजार गेले, मीटिऑरमध्ये १ लाख ५ हजार जातील. आठेक वर्षांत पावणेदोन लाख, म्हणजे महिन्याला अठराशेच्या आसपास. रोज पन्नास किलोमीटर चालवणाऱ्याला हे महाग मुळीच नाही, उगाच मनाला लावून घेऊ नका. पुढचा आकडा मात्र वेगळा आहे. तीन वर्षांनी आरसीचे सव्वादोन लाख आले असं उदार मनाने धरलं, तरी घट पावणेदोन लाख. मागे आठ वर्षांत जेवढे गेले, तेवढेच तीन वर्षांत. त्यावर व्याज ५४ हजार. मीटिऑर लिटरला ३५ देत असेल आणि आरसी २५, तर तुमच्या महिन्याच्या बाराशे किलोमीटरला पेट्रोलचे चौदाशे रुपये वाढतात. सगळं मिळून महिना पावणेआठ हजार, आणि यात टायर धरलेच नाहीत.

हप्ता ९,१००चा येईल. घराचा धरून २८ हजार. पगारावर तेही एक वेळ निभेल, पण दोन महिन्यांनी घरात बाळ येणार आहे आणि शिल्लक ८० हजार. सिझेरियन झालं, बाळाला चार दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, की त्यातलं काय उरेल? कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बाळंतपणाची मर्यादा किती आहे, हे एचआरला उद्याच विचारा. बाइकपेक्षा हे पत्र त्यासाठी लिहिलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आणि एक पैशाबाहेरचं. तुम्ही स्पोर्ट्स बाइक सोडली ती दुखण्यामुळे. आरसीचंही हँडल खालीच, पाय मागेच, भार मनगटांवरच. ती घेतली तेव्हा तुम्ही आठ वर्षांनी लहान होता. शिवाय मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलवर ४५ डिग्रीत तापलेलं इंजिन मांड्यांना लागतं ते वेगळंच. मागच्या सीटवर बायको बाळाला घेऊन बसणं तर विसराच. मोकळ्या रस्त्याचं म्हणाल तर समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही, राजेहो.

तेव्हा मीटिऑर ठेवा. ९,१०० रुपये हप्ता सुरू झालाय असं समजून दर महिन्याला आरडीत टाका. सहाव्या महिन्यात ओढाताण झाली तर उत्तर फुकटात मिळालं. नाही झाली, तर सव्वा वर्षात दीड लाखाच्या आसपास जमतील. दरम्यान एखाद्या मित्राची आरसी मागून आठवडाभर बुटीबोरीला जाऊन-येऊन बघा, रविवारच्या रामटेकच्या फेरीवरून ठरवू नका. तरीही मन तिथेच असेल, तर ३५०च्या आतली जुनी बघा: अपाचे आरआर ३१० किंवा निंजा ३००. थर्ड पार्टी विम्यातही फरक पडतो: जून २०२२च्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, त्यावर २,८०४.

मीटिऑर विकाल त्या दिवशी विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं प्रमाणपत्र मागून घ्या. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) विमा हप्त्यात ५० टक्के सूट मिळते, आणि हे प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून चावी दिली म्हणजे झालं असं समजू नका. आरसी बुक, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, समोरच्याच्या नावावर झाल्याचं स्वतः ऑनलाइन तपासा. तोवर त्याने कुणाला ठोकलं, तर नोटीस मनीषनगरलाच येईल.