एफडी मोडून गेम करावा का?

प्रश्न: मी कोथरूडला राहते, वय २७. पॅकेजिंग डिझाइनची नोकरी आहे. हातात ४२,००० येतात. भाडे, जेवण, पेट्रोल धरून २८,००० जातात. ३,६०,००० ची एफडी आणि बचत खात्यात ४०,००० आहेत. मला एक छोटा, निवांत गेम करायचा आहे: पेठेतला जुना वाडा, अंगणातली तुळस, एक मांजर, शेजाऱ्यांशी गप्पा. कोडिंग येत नाही. एफडी मोडून १,८०,००० चा कोर्स करावा आणि वर्षभर नोकरी सोडावी का? आई नको म्हणते.

उत्तर: आधी हिशेब. तुमच्या चार लाखांतून कोर्सची फी गेली की २,२०,००० उरतात. महिना २८,००० प्रमाणे आठव्या महिन्यातच खडखडाट होईल, आणि तेव्हा गेम बहुधा अर्धवटच असेल. एफडीच्या बाबतीत मी आईंच्या बाजूने आहे. गेमच्या बाबतीत नाही.

कोर्सला माझा सरळ नकार. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचे सॉफ्टवेअर, पूर्ण मोफत आहे, रॉयल्टी म्हणजे विक्रीतला वाटासुद्धा नाही. युनिटी या दुसऱ्या इंजिनची पर्सनल आवृत्ती वर्षाला २ लाख डॉलरच्या उलाढालीपर्यंत फुकट. (ती मर्यादा ओलांडलीत तर मला जेवायला बोलवा.) शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. नवख्या प्रोग्रामरला चित्रकार शोधून पैसे मोजावे लागतात. तुमची चित्रे घरचीच.

आता कमाई. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम लावायला १०० डॉलर भरावे लागतात, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये. हजार डॉलरची विक्री झाली की ते परत मिळतात. भारतात किंमत २५० ठेवलीत, तर १८ टक्के जीएसटी वजा जाता २१२ उरतात, त्यातले ३० टक्के स्टीमचे. तुमच्या हाती सुमारे १४८. वर्षभराचा बुडालेला पगार, ५,०४,०००, भरून काढायला अशा ३,४०० प्रती खपायला हव्यात. परदेशात किंमत जास्त लावता येते, पण सवलतीचे सेल तिथेही लागतातच. शिवाय अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. स्टीमच्या कराच्या फॉर्ममध्ये पॅन देऊन भारत-अमेरिका कर कराराचा लाभ घेतलात तर ३० ऐवजी १५ टक्के.

निवांत गेमची एक खास अडचण फार कुणी सांगत नाही. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. तुमचा वाडा दीड तासात झाडून झाला, तर गेम पूर्ण खेळून, आवडूनसुद्धा पैसे परत मागता येतील. तरी नियमाच्या धाकाने गेम ताणू नका; पहिला गेम तासाभराचाच करा, फक्त त्याच्याकडून पगाराची अपेक्षा ठेवू नका.

या विषयात स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या निवांत गेमचे नाव हटकून निघते. एरिक बॅरोन यांनी तो एकट्याने केला, २०१६ मध्ये बाजारात आणला, हे खरे. त्यामागे चार वर्षांहून जास्त काम होते आणि त्या काळात ते एका नाट्यगृहात अर्धवेळ नोकरी करत होते, घरखर्चाला जोडीदाराचा आधार होता, हेही तितकेच खरे.

तेव्हा नोकरी ठेवा. ऑफिसला चार दिवसांचा आठवडा, थोड्या कमी पगारात, चालेल का ते विचारा. दरमहा तुमचे १४,००० उरतात, तेवढी कपात झेपेल. वाड्यातली एकच खोली आणि मांजर, एवढाच पहिला गेम. तो इच आयओ या छोट्या गेमच्या वेबसाइटवर फुकट ठेवा, तिथे गेम चढवायला पैसे पडत नाहीत. अनोळखी माणसे तो शेवटपर्यंत खेळतात का, ते पाहा. खेळत असतील तर स्टीमचे पान उघडून विशलिस्ट, म्हणजे पुढे घ्यायचा म्हणून गेम नोंदवून ठेवणारे लोक, जमवायला लागा. या सगळ्यावर बचत खात्यातले २५,००० पुरेत, संगीतासाठी कुणाला मानधन दिले तरी. नवा लॅपटॉप हप्त्यावर घेऊ नका. द्विमितीय गेमला तुमच्या डिझाइनच्या कामाचा लॅपटॉप सहज पुरतो.

एफडीची मुदत संपली की तिचे दोन भाग करा. १,७०,००० म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, त्याला हात लावायचा नाही. उरलेले १,९०,००० वर्षभरासाठी वेगळे ठेवा. पहिला गेम पूर्ण झाला तर सहा महिने बिनपगारी रजेला ते पुरतील. गेम अर्धवट राहिला, तर पैसे व्याजासकट तुमचेच आहेत.