एनव्हीडीएमध्ये (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) वर्डसाठी लिहिलेली स्क्रिप्ट चालतच नाही, काय तपासू?

आधी एनव्हीडीएच्या सेटिंग्जमधल्या ‘अॅडव्हान्स्ड’ विभागात जा. तिथे डेव्हलपर स्क्रॅचपॅडमधला (स्वतःचा कोड ठेवण्याचा फोल्डर) कोड लोड करण्याचा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केल्याशिवाय फाइल वाचलीच जात नाही.

फाइलला ‘विनवर्ड’ (winword.py) हेच नाव हवं, ‘वर्ड’ नव्हे, कारण प्रोग्रामच्या फाइलचं नाव तेच आहे. ती स्क्रॅचपॅडमधल्या ‘अॅपमोड्यूल्स’ फोल्डरमध्ये ठेवा.

तुमची स्क्रिप्ट चालते पण वर्डसाठीच्या नेहमीच्या सोयी गायब होतात, असं असेल तर तुमच्या फाइलने एनव्हीडीएची मूळ फाइल झाकली आहे. सुरुवातीलाच ‘एनव्हीडीएबिल्टइन’मधून (nvdaBuiltin) मूळ मोड्यूल इम्पोर्ट करा. इथे माझे दोन दिवस गेले होते!

बदलानंतर एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट), कंट्रोल आणि एफ३ एकत्र दाबा, म्हणजे फाइल पुन्हा लोड होते. तरीही स्क्रिप्ट गप्प असेल तर एनव्हीडीए की आणि एफ१ दाबून लॉग वाचा, चूक ओळ क्रमांकासकट सापडते.