अपडेटनंतर इलेक्ट्रिक गाडीचा पिकअप खरंच कमी होतो का?

तुम्ही धुळ्याहून विचारलंय की मे महिन्यात सर्व्हिसिंगला गाडी दिली, त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट टाकलं आणि तेव्हापासून ओव्हरटेक करताना गाडी दबते. कंपनीने मुद्दाम पॉवर कापली का?

कापू शकते, आणि असं झालेलंही आहे. २०१९ मध्ये टेस्लाने मॉडेल एसच्या काही जुन्या गाड्यांत अपडेट पाठवून बॅटरीचा कमाल व्होल्टेज खाली आणला. मालक कोर्टात गेले, आणि २०२१ मध्ये कंपनीने १,७४३ गाड्यांसाठी १५ लाख डॉलरवर तडजोड केली, म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला ६२५ डॉलर. उलटंही होतं. त्याच कंपनीने मॉडेल ३ च्या मालकांना २,००० डॉलर घेऊन नुसत्या सॉफ्टवेअरने अर्धा सेकंद वेगवान गाडी विकली. मर्सिडीजने तर २०२२ मध्ये जादा पिकअपला वर्षाला १,२०० डॉलरचं भाडं लावलं. मोटर तीच, तिला बॅटरीची वीज पुरवणारा इन्व्हर्टर तोच. किती करंट सोडायचा हे ठरवणारी चावी कंपनीच्या हातात.

तरी तुमच्या प्रश्नात मला अपडेटपेक्षा मे महिनाच जास्त खटकतो.

माझी नोकरी भुसावळला रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये गेली. तिथे ट्रॅक्शन मोटरला, म्हणजे इंजिन ओढणाऱ्या मोटरला, दोन रेटिंग असतात: एक कंटिन्युअस, म्हणजे सतत ओढण्याचं, दुसरं तासाभराचं. मोटर थोडा वेळ जास्त ओढते, पण तापली की तिला खाली यावंच लागतं. तुमच्या गाडीचंही तसंच आहे, फक्त ब्रोशरमध्ये मोठा आकडा तेवढा छापतात. तो काही सेकंदांचा असतो. खाली किती यायचं ते बॅटरीवर लक्ष ठेवणारं बीएमएस ठरवतं, आणि ते सेलचं तापमान नि व्होल्टेज पाहून ठरवतं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. अशा दुपारी उन्हात उभी गाडी, लगेच फास्ट चार्जिंग आणि निघाल्या निघाल्या हायवे, म्हणजे बॅटरी पॅक आधीच तापलेला. माझ्याच गाडीत हे दिसतं: चार्जरवर पंखे नि कॉम्प्रेसर घरघरत असतात, आणि बाहेर पडून पेडल पूर्ण दाबलं तरी पॉवरचा काटा सकाळी जातो तिथवर पोहोचत नाही. संध्याकाळी गार झाल्यावर तीच गाडी पुन्हा उड्या मारते. मध्ये अपडेट वगैरे काही नाही.

दुसरं, चार्ज किती होता? साधा गुणाकार आहे. ३२० व्होल्टला ३०० अँपिअर म्हणजे ९६ किलोवॅट. बॅटरी उतरली, भाराखाली व्होल्टेज २९० वर आला, तर तेवढ्याच करंटला ८७. त्यावर कमी चार्जला बऱ्याच गाड्या करंटही आखडतात. म्हणून ८० टक्क्यांवरचा पिकअप आठवून २० टक्क्यांवर तक्रार करू नका.

मग अपडेटने काय बदलतं? बऱ्याचदा पेडलचा स्वभाव. अर्ध्या पेडलला आधी जेवढी ओढ मिळायची त्यापेक्षा कमी मिळते, पूर्ण दाबल्यावर मात्र पहिल्याइतकीच. किंवा रीजन, म्हणजे वेग कमी करताना मोटरनेच बॅटरी चार्ज करणारं ब्रेकिंग, वाढतं, पाय उचलताच गाडी मागे खेचल्यासारखी होते आणि आपल्याला ती जड वाटते. टाटाने २०२२ मध्ये जुन्या नेक्सॉन ईव्हीला रीजनच्या पातळ्या अपडेटमधूनच दिल्या होत्या, त्याही फुकट. ड्राइव्ह मोडही बघून घ्या, ईकोवर तर गेला नाही ना. आणि टायरची हवा. हसू नका, शोरूममधून आलेल्या गाडीची हवा मी तरी आधी तपासतो.

एवढं करूनही शंका उरली तर मोजा. पहाटे, गाडी गार असताना, ७० टक्क्यांच्या वर चार्ज, स्पोर्ट मोड, एसी बंद, गाडीत एकटेच. सपाट रिकामा रस्ता बघा आणि ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते जीपीएस ॲपने घ्या, जाताना आणि येतानाही. दोन्ही दिशा का, तर मेमधला पश्चिमेचा वारा. धुळ्याच्या पश्चिमेला साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही उभारल्या. साक्रीकडे तोंड करून मोजलं तर गाडी हळूच निघणार. शून्यापासून शंभर करायला जाऊ नका, त्यात टायर घसरण्याचाच हिशोब जास्त येतो. आणि जळगाव-भुसावळच्या बाजूला असाल तर केळीच्या ट्रकांमध्ये हे प्रयोग मुळीच नको.

तुमच्याकडे अपडेटआधीचं मोजमाप नाही, ही खरी अडचण. त्यावर एकच उपाय: तेच मॉडेल, तेच वर्ष, पण अपडेट न घेतलेली गाडी शोधा आणि त्याच रस्त्यावर, त्याच सकाळी मोजा. धुळ्यात मिळेल एखादी. फरक सेकंदाच्या एक-दोन दशांशांचा असेल तर सोडून द्या. अर्ध्या सेकंदाच्या वर आणि दर वेळी तसाच येत असेल, तर तुमचा संशय रास्त आहे.

मग सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर वाद घालत बसू नका, तिथल्या पोराला अपडेटच्या आत काय आहे ते माहीत नसतं. जॉबकार्डची प्रत घ्या, त्यावर जुनं आणि नवं सॉफ्टवेअर व्हर्जन लिहून मागा. कंपनीला ईमेल करून विचारा की या व्हर्जनमध्ये कमाल पॉवर किंवा टॉर्कची मर्यादा बदलली आहे का, हो की नाही. ‘परफॉर्मन्स ऑप्टिमाइझ केला’ असलं उत्तर आलं तर तोच प्रश्न पुन्हा पाठवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे मोजमापाचे स्क्रीनशॉट आणि तो ईमेल सोबत जोडा.