ऑफिसातला गणपती आणि पप्पांचा मोबाइल

ख्रिस्ती पालक समुपदेशनाला येतात तेव्हा एक काळजी हमखास कानावर पडते. मुलं शिकली, नोकरीला लागली, चार धर्मांच्या माणसांत मिसळली, की विश्वास सुटतो. ‘आम्ही धरून ठेवलं, ही सोडणार.’ तशी ही काळजी एकट्या ख्रिस्त्यांची नाही. जैन घरांतून येते, मुस्लिम घरांतून येते, सोवळं पाळणाऱ्या घरांतूनही येते. पण नागपुरातल्या एका इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) कुटुंबात ती ज्या वाटेने शिरली, ती वाट सांगण्यासारखी आहे. त्या तिघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, आई मोजकं बोलणारी, मुलगी पंचविशीची आणि मिहानमधल्या एका आयटी कंपनीत. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आजोबा सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला जायचे. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते नागपुरातच, आणि त्या दिवसाच्या गोष्टी घरात अजून निघतात. वडील मात्र पुढे एका स्वतंत्र सहभागितेत, म्हणजे जुन्या चर्चबाहेरच्या विश्वासणाऱ्यांच्या मंडळात गेले. तिथे रविवारची लांबलचक उपासना, आठवड्याच्या मधे उपास-प्रार्थना, घरी रोज वचन. ‘जुन्या चर्चमध्ये आम्ही नावाचे ख्रिस्ती होतो, इथे प्रभू भेटला,’ असं ते सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज खरोखर बदलतो.

निमित्त झालं एका फोटोचं. मुलीच्या ऑफिसात गणपती बसला होता. आरतीनंतरचा ग्रुप फोटो कुणीतरी स्टेटसला ठेवला. त्यात ही, कपाळावर टिळा, हातात मोदक, मस्त हसते आहे. सहभागितेतल्या एका बाईंनी त्याचा स्क्रीनशॉट काढून वडिलांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘प्रार्थनेत धरतो.’ (हे दोन शब्द किती मायेने म्हणता येतात आणि किती टोचून, हे चर्चमध्ये वाढलेल्या कुणाला सांगायला नको.) वडील रागावले नाहीत. ते रडले. मुलीला तेच झेपलं नाही.

‘पोरगी वाईट नाही, मॅडम,’ पहिल्या भेटीत ते म्हणाले. ‘पण जग तिला ओढून राहिलं आहे. तिकडे काय झालं ते आम्ही पाहून राहिलो न.’

तिकडे म्हणजे कुठे, असं मी विचारलं. त्यांनी मोबाइल काढला. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस बराचसा त्यावर जात होता. अमेरिकेतले, इंग्लंडमधले ख्रिस्ती बातम्यांचे व्हिडिओ, काही हिंदीत आवाज दिलेले, शिवाय ग्रुपवर फिरणाऱ्या क्लिप. इंग्लंडमध्ये चर्चच्या इमारती विकल्या जातात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, ४६.२ टक्क्यांवर आले. विमान कंपनीतल्या एका बाईला गळ्यात क्रॉस घातला म्हणून घरी पाठवलं. यातलं काही खोटं नव्हतं. त्याच मोबाइलमध्ये दुसऱ्या तऱ्हेच्या बातम्याही होत्या, आपल्याकडच्या: १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळलं ते, २००८ मधला तिथल्याच कंधमालमधला ख्रिस्त्यांवरचा हिंसाचार, कुठे प्रार्थनासभा उधळल्याचे व्हिडिओ. त्यातल्या पहिल्या दोन घटना सगळ्या देशाला ठाऊक आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार ज्यांची संख्या देशात २.३ टक्के आणि महाराष्ट्रात एक टक्क्याच्या आसपास, त्या समाजातल्या माणसाला हे पाहून झोप लागली नाही तर त्याला उगाच घाबरतोस असं मी म्हणणार नाही.

अडचण अशी की या दोन बातम्या एकमेकींच्या उलट आहेत आणि वडिलांच्या मनात दोन्हींचं मिळून एकच भय झालं होतं. तिकडे चर्च रिकामं होतं कारण लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं. इकडे कुणालाच काही वाटत नाही असं नाही. उलट सगळ्यांनाच फार वाटतं. नागपूरचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, मग गणपती, मग दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन, ताजबागचा उरूस, पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा. मिहानमधल्या त्या मजल्यावर ‘देव मानू नकोस’ असं तिला कुणीही म्हटलं नव्हतं. तिथला आग्रह वेगळाच होता: ये ना, तूही आरती धर. लंडनमधल्या ख्रिस्ती माणसाला दिलेला सल्ला इथे लागू पडत नाही, कारण तिथला प्रश्नच इथे नाही.

मुलीशी मी एकटीशी बोलले. तिचा विश्वास जागच्या जागी होता. सकाळी मेट्रोत खापरी येईपर्यंत डोळे मिटून प्रार्थना करते म्हणाली. सुटलं होतं ते वेगळंच. नोकरी लागल्यापासून ऑफिसात पूजा असली की ती रजा टाकायची, कारण ‘अ‍ॅसिडिटी’. घरी त्याच दिवशी ‘आज काम कमी होतं’. दोन्हीकडे खोटं. यंदा कंटाळून ती गेली, टिळा लावायला कुणीतरी हात पुढे केला आणि तिच्या तोंडून नको निघालं नाही. फोटोनंतर तिला रविवारी सकाळी धडधडायला लागलं. ती उपासनेत गायची, ते थांबवलं.

अशा वेळी एक गोष्ट आधी तपासावी लागते. काही जणांत ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार, धर्माचं रूप घेऊन येतो. तेच पाप दिवसातून अनेकदा कबूल करणं, एक शब्द चुकला म्हणून प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणणं, ‘देवाने मला क्षमा केली ना?’ हे घरच्यांना परत परत विचारणं. हे असेल तर नुसत्या गप्पांनी भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतो आणि उपचारही वेगळे असतात. घरच्यांना ते ‘भक्ती’ वाटतं, म्हणून वर्षं जातात. तिच्यात तसं काही नव्हतं. शरीराच्या तपासण्या फॅमिली डॉक्टरांनी करून घेतल्या होत्या. तिला पापाची भीती कमी वाटत होती, पप्पांच्या डोळ्यांतल्या पाण्याची जास्त.

आता मोदकाचं काय? मी ख्रिस्ती नाही, आणि मोदक खावा की नाही याचा निवाडा माझ्या खुर्चीतून देणं माझं काम नाही. आमच्या व्यवसायात स्वतःला पुढारलेलं समजणारी माणसं इथे सहज बोलून जातात, ‘खा गं, एका मोदकाने काय होतं?’ मला ते उद्धटपणाचं वाटतं. ज्या गोष्टीला समोरची व्यक्ती किंमत देते, ती आपण शून्य धरायची आणि मग तिला मदत करतो म्हणायचं, हे कसं? पास्टरना बोलवायची कल्पना मुलीचीच. मला वाटलं होतं वडिलांची बाजू आणखी भक्कम होईल.

पास्टरनी बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र उघडलं. वडील मूर्तीला वाहिलेल्या अन्नाच्या एका वचनाची वाट पाहत होते. पास्टरनी आठव्यापासून दहाव्यापर्यंतचे अध्याय घेतले. त्यात पत्र लिहिणारा पौल एकाच वेळी बरंच काही म्हणतो. मूर्ती काही नाही, हेही. पण तुझ्या खाण्याने एखाद्या दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नको, हेही. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं तर ताटात येईल ते चौकशी न करता खा. मात्र ‘हे वाहिलेलं आहे’ असं कुणी सांगितलं तर त्याच्यासाठी खाऊ नको. मुलीने मधेच नामानाची आठवण काढली. रोगातून बरा झालेला तो सेनापती अलीशा संदेष्ट्याला विचारतो, की माझा धनी रिम्मोनच्या देवळात माझ्या हातावर रेलून वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, ते मला माफ होईल ना? अलीशा त्याला शांतीने जा म्हणतो. वडिलांनी दानीएल काढला, ज्याने राजाचं अन्न नाकारलं. मग बराच वेळ दोघं बापलेक माझ्याकडे न बघता भांडत होते, आणि पास्टर आणि मी ऐकत होतो.

‘एवढी वचनं हिला कुठून येऊन राहिली?’ वडील शेवटी म्हणाले. ज्या मुलीचा विश्वास गेला म्हणून ते रडले होते, ती त्यांच्याशी पवित्र शास्त्रावरून वाद घालत होती. माझ्या मते त्या घरातलं वळण तिथे आलं.

त्यानंतर आई बोलली. तिच्या सासूबाईंच्या शेजारी देशपांडे, मेश्राम, खान अशी मिसळीची वस्ती होती. सणाला ताट येणार हे ठरलेलं. सासूबाई आदल्या दिवशीच शेजारणीला सांगून ठेवायच्या, ‘आमचं नैवेद्याच्या आधी काढून ठेव गं.’ शेजारीण काढून ठेवायची, दोघींनाही त्यात अवघड काही वाटायचं नाही. नाताळात करंज्या आणि केक त्याच ताटांतून परत जायचे. वडिलांना हे आठवत होतं, पण तो ‘नावाच्या ख्रिस्त्यांचा’ काळ म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं होतं.

कायद्याचा विषय मुलीने काढला. कंपनी जबरदस्ती करू शकते का? मी वकील नाही, तरी ठाऊक होतं तेवढं सांगितलं. संविधानाचं कलम २५ सदसद्विवेकाचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं, पण ते मुळात सरकारला बांधतं. खासगी ऑफिसातल्या आरतीचं उत्तर त्यात थेट सापडत नाही. एक निकाल मात्र उपयोगी पडला. केरळातल्या शाळेत यहोवा विटनेस पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गात नसत. शाळेने काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. ‘ते आमच्यातले नव्हेत हं,’ वडिलांनी लगेच बजावलं. नव्हेत. पण उभं राहायचं आणि गायचं नाही, ही सोय त्यांना आवडली, हे चेहऱ्यावर दिसलं.

बाकीचं काम रुक्ष होतं. मुलीकडून मी दोन वाक्यं मोठ्याने म्हणवून घेतली, पुन्हा पुन्हा, हसू येईपर्यंत. ‘मी उभी राहते, आरती म्हणणार नाही.’ आणि ‘टिळा नको, मिठाई पूजेला ठेवायच्या आधी माझी काढून ठेवशील?’ नको म्हणणं ज्यांना जमत नाही त्यांना बहुतेक वेळा शब्दच हाताशी नसतात. वडिलांना बातम्या बंद करा असं सांगितलं नाही. सांगून त्या बंद होत नाहीत. रात्री जेवणानंतर बघायच्या नाहीत, आणि कुठलीही क्लिप पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी शोधायच्या, एवढंच ठरलं: कुठली, कधीची, पुढे काय झालं. क्रॉसवाल्या बाईंचं प्रकरण २००६ चं निघालं. पुढच्याच वर्षी कंपनीने नियम बदलला आणि जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. त्याच निकालात एक परिचारिका मात्र हरली, कारण रुग्णांच्या सुरक्षिततेचा मुद्दा होता. त्यांच्या क्लिपमध्ये यातलं काहीच नव्हतं. ते काही दिवस त्या चॅनलवर खट्टू होते.

या शोधाशोधीत आणखी एक गोष्ट वर आली. निवृत्तीनंतर त्यांचे मित्र, त्यांचा मान, त्यांचं सगळं जग त्या सहभागितेत होतं. जगाची म्हणून आलेल्या भीतीत चार ओळखीच्या माणसांच्या नजरेचा वाटा मोठा होता. हे त्यांनी स्वतः म्हटलं, जरा चिडूनच. दिवाळीत ऑफिसात लक्ष्मीपूजन झालं. मुलीने टीम लीडला ठरलेलं वाक्य सांगितलं. त्याने सगळ्यांसमोर ‘हिला टिळा लावू नका रे, तिचं चालत नाही’ असं जाहीर करून तिला लाजवलं, पण मिठाई वेगळी ठेवली. एक सहकारीण दोन दिवस घुश्शात होती. फोटोत ती मागच्या रांगेत उभी होती. तो फोटो तिने संध्याकाळी स्वतःच घरच्या ग्रुपवर टाकला. स्क्रीनशॉटवाल्या बाईंकडून तोच फोटो आला तेव्हा वडिलांनी लिहिलं, ‘आमच्याकडे आधीच आला, सिस्टर.’

पूजेच्या खोलीत उभं राहणं वडिलांना अजून पटलेलं नाही, आणि तसं त्यांनी मुलीला सरळ सांगितलं आहे. ती परत गायला लागली आहे, दर रविवारी नाही. वडील मधून मधून एकटे येतात. मागच्या भेटीत त्यांनी एक कागद काढला. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२, त्यात दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लग्न लागतं, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस. खाली रेघ मारलेली.

‘तिने काही म्हटलं का?’ मी विचारलं.

‘नाही. पण आपण वाचून ठेवलेलं बरं न.’