गरोदर स्त्री गांजा ओढत असल्याचे सांगते, तेव्हा तिच्याशी कसे बोलावे?

प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या स्त्रीने मळमळीवर उपाय म्हणून गांजा ओढत असल्याचे सांगितल्यास तिला न दुखावता काय बोलावे, असे आपण विचारले आहे. मी प्रसूतितज्ज्ञ आहे. सुरुवातीच्या काळात माझे पहिलेच वाक्य धोक्यांविषयी असे; त्यावर स्त्रिया मान डोलवत आणि पुढच्या खेपेस ‘सोडला’ एवढे सांगून विषय मिटवत. त्यात खरे किती, हे समजण्याचा मार्ग मीच बंद केलेला असे.

आता मी सर्वप्रथम, हे सांगितल्याबद्दल तिचे आभार मानते आणि गांजाने नेमका कशात आराम पडतो, हे विचारते. मळमळ, झोप, चिंता किंवा ओढणाऱ्या जोडीदाराची सोबत, यांपैकी कारण कोणते त्यावर पुढचे सारे ठरते. मळमळीसाठी डॉक्सिलामिन व पायरिडॉक्सिन हे गरोदरपणात दीर्घकाळ वापरात असलेले औषध देता येते. मात्र ती बराच काळ नियमित ओढत असेल, उलट्या थांबत नसतील आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावरच बरे वाटत असेल, तर उलट्यांचे मूळ गांजातच असू शकते, आणि ही शक्यता तिला सहसा कोणी सांगितलेली नसते.

धोक्यांची माहिती मी तिची परवानगी घेऊन, मोजक्या शब्दांत देते: गांजातील टीएचसी हा नशा आणणारा घटक वारेतून बाळापर्यंत पोहोचतो, ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये कमी वजनाची बाळे व अकाली प्रसूती अधिक आढळतात, म्हणून पूर्ण बंद करणे उत्तम, पण कमी करणेही व्यर्थ नाही. गांजात तंबाखू मिसळत असल्यास त्याविषयी वेगळे बोलावे लागते.

लघवीची चाचणी तिच्या संमतीशिवाय करू नये. नियमित ओढणाऱ्या स्त्रीची चाचणी बंद केल्यानंतरही काही आठवडे सकारात्मक येऊ शकते, त्यामुळे तिच्यावर खोटेपणाचा आळ घेणे अन्यायाचे ठरेल. नोंदी कोण पाहू शकते आणि कायद्याने आपल्याला काय कळवावे लागते, हेही प्रश्न विचारण्यापूर्वीच सांगावे. पाळता येणार नाही असे गुप्ततेचे वचन मात्र देऊ नये.

सोडल्यानंतरची चिडचिड व झोपमोड बहुधा पहिल्या आठवड्यात तीव्र असते, म्हणून पुढील भेट महिन्याने न ठेवता मी त्याच आठवड्यात ठेवते.