‘फ्लाइंग स्कॉट्समन’चे एवढे भाग बदललेत, मग ते १९२३चं इंजिन कसं?

बॉयलर किती वेळा बदलला त्याची गणती नाही, नंबर पाच झाले, चौकटीतले तुकडेही नवे, मग ब्रिटनमधल्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या वाफेच्या इंजिनाला १९२३चं इंजिन म्हणणं ही फसवणूक नाही का, आणि त्याच्या दुरुस्तीवर ४२ लाख पौंड कशाला घातले, असं तुम्ही विचारलंय. फसवणूक अजिबात नाही. हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाने आमच्या घराबद्दल विचारला होता. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून आता लिहितेय.

माझे वडील, अण्णा, भुसावळच्या लोको शेडमध्ये बॉयलरमेकर होते. खलाशी, म्हणजे शेडमधला मदतनीस, म्हणून लागले आणि तिथेच शिकले. फायरबॉक्स, म्हणजे इंजिनाची भट्टी, पुरता निवलेला नसतानाच दारातून आत शिरायचं, गळक्या ट्यूबा ठोकायच्या, हे त्यांचं काम. घरी यायचे तेव्हा कानाच्या पाळीमागेसुद्धा काजळी असायची. २०१६च्या एप्रिलमध्ये ते माझ्याकडे लीड्सला आले. फेब्रुवारीत हे इंजिन दुरुस्तीनंतर लंडनहून यॉर्कला धावलं होतं, आणि अण्णा आले तेव्हा यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात लोकांना बघायला ठेवलं होतं. शनिवारी त्यांना घेऊन गेले. मरणाची गर्दी. सगळे नावाच्या पाटीसमोर फोटो काढत होते. अण्णा पाटीकडे फिरकलेच नाहीत. ते फायरबॉक्सच्या बाजूला गेले, वाकून वॉशआउटचे, म्हणजे बॉयलर धुवायच्या भोकांचे, प्लग बघितले, आणि मला म्हणाले, “त्या माणसाला विचार, बॉयलर कितवा?”

तिथे माहिती सांगायला एक म्हातारे स्वयंसेवक उभे होते. माझ्या तोंडून प्रश्न ऐकला आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, १९७८पासून याच्यावर दुसऱ्या जातीच्या, ए-४ इंजिनाचा बॉयलर होता, आता पुन्हा याच्याच जातीचा, ए-३चा बसवलाय. मी मराठीत सांगितलं. अण्णांनी मान हलवली. “म्हणजे शेडमधलं इंजिन आहे. शोभेचं नाही.”

परतताना त्यांनी मला सगळं नीट समजावलं. कारखान्यात इंजिन आलं की सगळ्यात जास्त वेळ बॉयलर खातो. चाकं, रॉड, चौकट यांचं काम लवकर उरकतं. मग काय, त्याच बॉयलरसाठी इंजिन अडकवून ठेवायचं? कुणीच ठेवत नाही. तयार असलेला दुसरा बॉयलर चढवतात, इंजिन गाडीला लावतात, आणि उतरवलेला बॉयलर दुरुस्त होऊन तिसऱ्याच इंजिनावर जातो. हे इंजिन जिथे बांधलं त्या डॉन्कास्टरच्या कारखान्यातही हेच चालायचं. इंजिनाला ‘स्वतःचा’ बॉयलर असा नसतोच. तुम्ही ज्याला भेसळ म्हणताय, ती इंजिन चालवण्याची रीत आहे.

आणि मूळ म्हणजे नक्की कुठलं धरायचं? इंजिनिअर नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यावरून १९२३च्या फेब्रुवारीत हे बाहेर पडलं तेव्हा नंबर १४७२ होता आणि बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला १८० पौंड. १ मे १९२८ला लंडन ते एडिंबरा ३९२ मैल कुठेही न थांबता गेलं ते टेंडरमधून, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातून, काढलेल्या बोळामुळे, कारण ड्रायव्हर-फायरमनची दुसरी जोडी धावत्या गाडीतून त्या बोळाने इंजिनावर येऊ शकायची. म्हणजे तेव्हाच टेंडर बदललेला होता. ३० नोव्हेंबर १९३४ला ताशी १०० मैलांचा वेग गाठला. १९४७मध्ये २२० पौंड दाबाचा बॉयलर आला, १९५४मध्ये ड्रायव्हरची जागा उजवीकडून डावीकडे गेली, पुढे दुहेरी धुरांडं आलं. जानेवारी १९६३मध्ये सेवेतून काढलं तोवर २० लाख मैलांहून जास्त धावलं होतं. १९२३चं रूप परत आणायचं तर ही चाळीस वर्षांची नोकरी पुसून टाकावी लागेल.

त्यानंतर ॲलन पेगलर या उद्योजकांनी ते ३,००० पौंडांना घेतलं, अमेरिकेला नेलं आणि त्यात त्यांचं दिवाळं निघालं. विल्यम मॅकॲल्पाइन यांनी १९७३मध्ये परत आणलं नसतं तर तुमचा प्रश्नच उरला नसता.

‘टॉर्नेडो’ हे दुसरं वाफेचं इंजिन बघा. त्या जातीचं एकही इंजिन शिल्लक राहिलं नव्हतं, म्हणून लोकांनी वर्गणी काढून नवं कोरं बांधलं, २००८मध्ये पूर्ण केलं. त्याला कुणी जुनं म्हणत नाही. स्कॉट्समन मात्र कधीच भंगारात काढून नव्याने बांधलेलं नाही. एक भाग झिजला, तो बदलला, बाकीचं इंजिन तेच राहिलं. हा फरक ज्याला दिसत नाही, त्याने नुसती पाटी वाचावी.

आमचं घर वरणगावकडचं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. सागाचे खांब, वर कडीपाट, आणि दर वैशाखात धाब्यावर नवी खारी माती टाकायची. दादा म्हणायचा, “माती दरवर्षीची, अर्धे पाट अण्णांच्या वेळचे, भिंत आपण बांधली, यात जुनं आहे काय? पाडू आणि स्लॅब टाकू.” मी तेव्हा गप्प बसले. यॉर्कहून आल्यावर अण्णांनीच त्याला फोनवर सांगितलं, की माती टाकायचं थांबवलं असतं तर घर केव्हाच गेलं असतं. दरवर्षी टाकली म्हणून ते आजोबांचं राहिलं. दादाला ते आजही पटलेलं नाही. तुम्हालाही पटेल असं नाही, पण तुम्ही दोघं एकच चूक करताय.

आता पैशांचं. संग्रहालयाने २००४मध्ये २३ लाख पौंडांना विकत घेतलं आणि पुन्हा रुळावर यायला २०१६ उजाडलं. काम उघडल्यावर चौकटीत भेगा निघाल्या, अंदाज चुकत गेले. आधी नीट तपासायला हवं होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही.

एक मात्र मान्य करते. चालवलं की इंजिन झिजतं, आणि झिजलेल्या भागाबरोबर जुन्या कारागिराच्या हातची खूणही जाते. १९३८मध्ये ताशी १२६ मैलांचा विक्रम केलेलं ‘मॅलार्ड’ त्याच संग्रहालयात थंड उभं असतं, ते तसंच राहू दे. सगळीच चालवायला हवीत असं माझं म्हणणं नाही. अण्णा मॅलार्डपाशीही थांबले होते, बराच वेळ. “विझलेली चूल,” म्हणाले, आणि पुन्हा स्कॉट्समनकडे वळले.